गाईचं पीठ

धप्, धप्. चक्कीच्या कापडी बाहीवर तो दोन थापा मारायचा. या बाहीतून पीठ खाली डब्यात पडते, आणि थोडं आत चिकटून राहते. ते मागच्या माणसाच्या डब्यात जाते. मागच्याचं त्याच्या मागच्याला. अशी सगळ्या मोहल्ल्याची फिटंफाट होऊन जाते, कोणी मनावर घेत नाही. हा घ्यायचा. नंबर लागला की आधी दोन थापा, म्हणजे दुसऱ्याचं पीठ याच्या डब्यात. दळण संपलं की पुन्हा दोन, म्हणजे याचं कोणाला जायला नको.

"ठोकू नका साहेब, बाही फाटते."

"फाटली तर शिवून घेजा बापू. माह्यं पीठ काहून ठेवून राहिला?"

तुम्ही म्हणाल, असा एक जण आमच्याकडेही आहे. असेल. माझं ऐकून घ्या, मग सांगा. मी तिसरीपर्यंत शिकलो, अकोल्याच्या जुन्या शहरात माझी चक्की आहे. तो आता नाही. बाही आहे, तीन ठिकाणी शिवलेली.

कचेरीतून रिटायर झाल्यावर लोक देवाला जातात. यानं बायकोच्या हातातलं सैपाकघर काढून घेतलं. डाळ, तेल, तूप, गूळ, सगळं लोखंडी आलमारीत. चावी करदोड्याला. बाईला फोडणी घालायची तर आधी त्याला हाक मारायची. तो यायचा, सदरा वर करायचा, कुलूप उघडायचा आणि बाटलीच्या झाकणात तेल ओतून द्यायचा. पाहुणे बसलेले असले तरी सदरा वर. त्या बाईचा गळा मोठा गोड होता. दिवसभर हाका मारून मारून बसला.

डाळीची चुरी आणायची, किडके हरभरे आणायचे, बाजार उठल्यावर उरलेली वांगी आणायची. कोणी हसलं की याचं उत्तर ठरलेलं.

"पोटात अंधार असते बापू. तिथं कोण पाहून राहिलं?"

दळायला ज्वारी आणायचा, पण नंबर गहूवाल्याच्या मागे लावायचा, म्हणजे फुकटची कणीक मिसळते. एकदा घाईत न विचारता एका बाईच्या मागे उभा राहिला आणि दोन थापा मारून मोकळा झाला. त्या बाईनं सुनेच्या लाडवांसाठी मेथी दळली होती! घरात त्या डब्याच्या भाकरी संपेपर्यंत कडू लागल्या. फेकू दिल्या नाहीत. मला येऊन म्हणतो, "मेथी औषधी असते. फुकटात झाली." आम्ही सगळे हसलो. खाणारी बाई कशी खाते, हे कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी मी चक्की झाडतो. जमिनीवरचं पीठ, त्यात माती, दगडाचा चुरा, लोकांच्या चपलांची घाण. एक दिवस तो पोतडी घेऊन आला. "हे मले देत जा बापू. गाईले घालत जाईन." मला वाटलं, चिक्कू असला तरी धरम आहे माणसाजवळ. रोज भरून देत गेलो.

मग याची लेक पहिल्या बाळंतपणाला अमरावतीहून माहेरी आली. आठवा महिना लागलेला. एक दिवस कमरेवर हात ठेवून हळूहळू चक्कीवर आली.

"काका, राग नका येऊ देऊ. तुमच्या पिठात कचकच लागते."

राग आला. माझ्या दगडाला मी स्वतः टाकी मारतो, बापानं शिकवली तशी. माझ्या पिठात कचकच? पट्टा उतरवला, गिऱ्हाईक तसंच उभं ठेवलं आणि तिच्यासोबत निघालो. म्हटलं, दाखव.

सैपाकघरात बाई परातीत पीठ चाळत होती. बाजूला मी भरून दिलेली पोतडी. चाळणीत खराट्याच्या काड्या.

"वहिनी, हे गाईचं आहे."

ती चाळतच राहिली. मागून तोच बोलला, "चाळून घेतो ना आमी. तुह्यं काय जाते?"

"साहेब, पोरीच्या पोटात लेकरू आहे!"

"मंग? लेकराले काय उजेडात बसवलं? पोटात अंधार असते बापू."

या वेळी कोणी हसलं नाही. लेकीनं त्याच संध्याकाळी बॅग भरली. बाळंतपणाला आणलेली लेक तशीच परत जाते, याच्याएवढी नामुष्की आमच्याकडे दुसरी नाही. ऑटोत बसताना तिनं आईचा हात धरला.

"आई, तू चाल माह्यासंगं."

"यांच्या जेवणाचं कसं होईन?" बाई म्हणाली. हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो थापा मारायला हजर. "बरं झालं. तूप, डिंक, खारका, सारं वाचलं. अन् मेथी तर आमची होऊनच गेली होती." झाडलेलं पीठ मी बंद केलं. त्यानं माझ्याशी बोलणं बंद केलं. थापा चालू.

नात झाली. आता आईनं बाळंतिणीला भेटायला जायचं तर लाडवांचा डबा घेऊन जायचं. रिकाम्या हातानं व्याह्याच्या उंबऱ्यात पाय ठेवत नाहीत. बाईनं तूप मागितलं, डिंक मागितला. त्यानं सदरा वर केला नाही. "बायांले एस्टीचं तिकीट अर्धं आहे," ती म्हणाली. तो म्हणाला, "अर्धं तरी काहून द्यायचं?" ती बिनाडब्याची गेली नाही आणि त्यानं डबा होऊ दिला नाही.

"भाऊजी, नात चालाले लागली," एकदा रस्त्यात थांबून मला म्हणाली. मी विचारलं, कधी आली? "फोनात," ती म्हणाली.

त्याच उन्हाळ्यात त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

थोड्या दिवसांनी बाई चक्कीवर आली. किती वर्षांनी! पदराच्या टोकाला चावी. चांगले गहू होते आणि मेथी होती. मी दोन्ही दळून दिलं. बाहीला तिनं हात लावला नाही.

"साहेब कसे आहेत?"

"आहेत." मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "भाऊजी, झाडलेलं पीठ असन तर द्या."

"कशाले?"

"गाईले."

"कोणती गाय, वहिनी?"

"घरी बांधून आहे. उठत नाही."

मी खराटा घेतला आणि कोपरे झाडून पोतडी भरून दिली. चाळून देऊ का विचारलं. नको म्हणाली. कोणाला वाईट वाटत असेल तर त्यानं वाटून घ्यावं. त्या घरातली चाळणी मी पाहिली आहे.

चार दिवसांनी त्याला पाहायला गेलो. घरभर तुपात तळलेल्या डिंकाचा वास. दाराशी बॅग, बॅगेवर लाडवांचा भरलेला डबा. सकाळच्या एस्टीनं ती अमरावतीला निघणार होती. परत येईपर्यंत त्याला शेजारीण पाहील म्हणाली. तो खाटेवर, उशीला टेकून. नजर डब्यावर. आणि ती त्याला वाटीनं पेज पाजत होती, त्याच पिठाची.

त्याच्या दातांखाली कचकच वाजली. मला ऐकू आली. त्यानं डोळे फिरवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या चक्कीची जमीन त्यानं ओळखली.

बाईनं त्याची हनुवटी पुसली. "पोटात अंधार असते. नाही का हो?" बसलेल्या गळ्यानं, अगदी हळू म्हणाली.

पेज संपली. तळाशी थोडी चिकटलेली होती, म्हणून तिनं वाटी त्याच्या तोंडावर पालथी धरली. त्याचा डावा हात उचलला गेला. मला वाटलं, आता हा वाटी उडवतो.

हात वाटीच्या बुडावर आला. धप्, धप्.