रिकाम्या डब्यातला काठ

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. तंत्रनिकेतनात एकतीस वर्षं शिकवलं; परीक्षेला कोणी अंगारा लावून आलं, तर मी वर्गासमोर त्याची टिंगल करायचो. तरीही हे लिहितो आहे — कारण यातला अर्धा भाग अनुभवाचा आहे आणि अर्धा माझ्या लाजेचा.

निवृत्तीनंतर अक्कलकोट रोडवरच्या एका चादरीच्या कारखान्यात मी नक्षीचे प्रोग्रॅम लिहून द्यायचो. तिथे सरोजाक्का ग्राफ रंगवायच्या. चौकटीच्या कागदावर प्रत्येक घराला एक आकडा — धागा कुठे बांधायचा ते सांगणारा. मी ते आकडे कॉम्प्युटरवर घ्यायचो, आणि माग त्याप्रमाणे विणायचा. आकडे भरण्याआधी प्रोग्रॅममध्ये एक रिकामा ॲरे, म्हणजे आकड्यांसाठी रांगेत राखलेली जागा, करून ठेवावा लागतो. अक्का त्याला डबा म्हणायच्या. डबा मूळ आकड्यांच्याच प्रकारचा हवा. लहान प्रकारचा केला तर मोठे आकडे त्यात मावत नाहीत, भलतेच होऊन बसतात.

मोराच्या चादरीच्या वेळी अक्का म्हणाल्या, "सर, या बारीला काठाचे आकडे लई मोठे हाईत. डबा बघून घ्या की."

"अक्का, तुम्ही रंग भरा. डब्याचं मी बघतो."

मी बघितलं नाही. जुन्या प्रोग्रॅममधली ओळ उचलून चिकटवली. चादरी दिसायला छान निघाल्या, आणि पहिल्याच धुण्यात काठाचे धागे सुटले. सगळा माल परत आला. शेठनी विचारलं तेव्हा ती ओळ स्क्रीनवर माझ्यासमोर होती. मी म्हणालो, "ग्राफमध्ये चूक दिसतेय." अक्का दारातच उभ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं काम बंद झालं. घरी विड्या वळतात, असं कानावर आलं. ती ओळ मी गुपचूप दुरुस्त केली.

याला आठ वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, जुळे सोलापूरच्या घरी मी नव्या लॅपटॉपवर एक नवी भाषा शिकत बसलो होतो. तिच्यात आधीच्या एखाद्या ॲरेसारखाच, त्याच प्रकारचा रिकामा ॲरे एका ओळीत करता येतो. रिकामा म्हणजे न पुसलेला — मेमरीत आधीचं जे उरलं असेल ते तसंच दिसतं. त्यामुळे कचरा दिसणार, हे मला ठाऊक होतं.

दिसला तो मोराच्या चादरीचा काठ... १४१, १४१, १४२, १६०... ओळीमागून ओळ. आणि शेवटच्या कोपऱ्यात एक शून्य. दृष्ट लागू नये म्हणून अक्का शेवटचं एक घर कोरं सोडायच्या. तो ग्राफ या लॅपटॉपवर कधी आलाच नव्हता. मी मोबाइलवर फोटो काढला, ओळ पुन्हा चालवली. या वेळी नुसते विस्कटलेले आकडे.

फोटो घेऊन विडी घरकुलला, अक्कांच्या घरी गेलो. कबुली द्यायला नाही, ताडून बघायला.

अक्कांनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. "या सर. सापडला का डबा?"

मूळ ग्राफ त्यांच्याकडेच होता, पत्र्याच्या पेटीत. मी फोटोतले आकडे वाचत गेलो, त्या कागदावर बोट फिरवत गेल्या. एकही चुकला नाही.

तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "अक्का, चूक माझी होती."

"म्हाईत हाय की."

"मग हा कागद शेठना दाखवायचा होता."

"दाखवला. शेठ म्हणले, सर शिकलेले हाईत." कागदाची घडी घालत म्हणाल्या, "माझं ऱ्हाऊ द्या. पोरीला अजून वाटतंय, आईनंच घोटाळा केला. सहाला येती ती कामावरनं. तिच्यासमोर सांगा."

मी साडेपाचला उठलो. औषधाची वेळ झाली, म्हणालो. त्यांनी अडवलं नाही.

एका जुन्या विद्यार्थ्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, मेमरीत उरलं असेल. पण नव्या लॅपटॉपच्या मेमरीत आठ वर्षांपूर्वीचा कागद कसा उरेल, ते त्याला सांगता आलं नाही. मलाही आजवर उमगलेलं नाही. काठ का सुटला, ते मात्र मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. अक्कांचा ग्राफ बरोबर होता.

हे छापून आलं की अंक घेऊन विडी घरकुलला जाणार आहे. या वेळी त्यांची मुलगी येईपर्यंत बसेन.