भिकुबाईची सांडशी

लग्न होऊन आमच्या तापीकाठच्या गावात आली, तेव्हापासून भिकुबाई घण मारत होती. नवरा दोधू लोहार ऐरणीपाशी बसून सांडशीत तापलं लोखंड धरायचा, हातोडीनं जागा दाखवायचा. ती उभी राहून तिथं घाव घालायची. लोहारांच्या घरी वाटणी अशीच. सांडशी धरेल तो लोहार. घण मारणारीला कोण लोहार म्हणतो?

मग दोधूचे डोळे गेले. एकात ठिणगी उडाली, दुसरा हळूहळू विझला. चिंचपाड्याच्या दवाखान्यातून दोघं हात हलवत परत आली. भट्टी थंड पडली. भावबंद म्हणाले, ऐरण विका आणि मजुरीला लागा. दोधू ऐरणीवर हात ठेवून दिवसभर बसायचा. मला तर त्या बाजूनं जाववत नसे.

एकोणसाठ साली सरकारच्या उद्योग खात्यानं नंदुरबारला गावोगावच्या कारागिरांसाठी तीन महिन्यांचा वर्ग काढला. स्वतःचा धंदा करणाऱ्यांनी नवं काम शिकावं आणि आपापल्या गावी जाऊन करावं, असा बेत. पहिल्या दिवशी यंत्रं बघायला सगळ्यांना मोकळीक होती. इंजिनावर चालणारा घण आलाय म्हटल्यावर दोधू म्हणाला, "माले त्याना आवाज तरी आयकू द्या." मी दोघांना माझ्या बैलगाडीत घातलं.

काय तो घण! पट्टा फिरला की धाडधाड पडायचा, पायाखालची जमीन हलायची. मिस्त्रीनं लालभडक कांब त्याच्याखाली धरली आणि बघता बघता ती भाकरीसारखी पसरली. आम्ही सगळे आ वासून उभे. गर्दीतलं कुणी म्हणालं, "भिकुबाई, तुन्ही सवत उनी."

घण मारायला सवत आली म्हणून लोक हसले. ती हसली नाही. सगळे घणाकडे बघत होते. ती एकटी मिस्त्रीच्या हातांकडे बघत होती. मग वर्गाच्या साहेबापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, याले डोया शेतस का?"

"यंत्राला कसले डोळे, बाई? ते एकाच जागी पडतं. लोखंड आपण फिरवायचं."

"मंग मन्हं नाव ल्हिखा."

"बायकांचा शिवणवर्ग पलीकडच्या खोलीत आहे."

"पोलकं शिवनारी गावमा शे, साहेब. फाळ करनारं कोनी नही."

साहेब भला माणूस. थोडा वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बाई नको असं नियमात तर कुठं नाही." तिचं नाव लागलं.

तीन महिने ती बहिणीकडे राहिली. सांडशी धरायला शिकली, धार टिकावी म्हणून लोखंडाला पाणी द्यायला शिकली. परत आली तेव्हा अख्खं गाव त्यांच्या लोहारसाळेपुढे जमलं. आमच्या गावात इंजिन कुठलं? आता घण मारणार कोण, हेच सगळ्यांच्या मनात.

तिनं भट्टी पेटवली. दोधूला ऐरणीसमोर उभं केलं, त्याचे पाय दोन दगडांत अडकवले आणि घण हातात दिला. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

दोधूनं घण उचलला आणि तसाच खाली टेकवला. "तुन्हा हातवर पडना ते?"

"तुम्ही जागा बदलू नका. बाकीनं मी पाही लेसू."

पहिल्या घावाला मी डोळे मिटून घेतले, खोटं कशाला सांगू? उघडले तर घण एकाच जागी पडत होता, आणि त्याच्याखाली ती लोखंड फिरवत होती, सरकवत होती. तिची बोटं घणापासून वीतभरच लांब. आंधळ्याच्या घणाखाली हात ठेवून बसलेली ती बाई, आणि घावागणिक निर्धास्त होत गेलेले त्याचे हात! पुढे मी धरणं पाहिली, मोठे कारखाने पाहिले. अंगावर असा काटा पुन्हा आला नाही.

साळ पुन्हा चालू झाली. अक्कलकुव्याकडचा एक गाडीवान एकदा चाकाची लोखंडी धाव बसवायला आला. घण घेऊन उभ्या असलेल्या दोधूला त्यानं विचारलं, लोहार तुम्हीच ना?

दोधूनं आवाजाच्या अंदाजानं ऐरणीकडे हात केला.

"लोहार ती शे," तो म्हणाला. "मी घण मारस."