व्हिनेगर लावलेली प्रिंट

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो — पण सुरुवात कुठून करू? कागदापासून करतो. कागदाबद्दल बोलताना मला अजूनही लाज वाटत नाही, हेच वाईट.

अमरावतीचे माझे गुरुजी, ज्यांच्याकडे मी फोटो धुवायला शिकलो, त्यांचे डोळे अधू झाले. म्हणाले, एकाच निगेटिव्हची उत्तम प्रिंट जो हातानं काढेल, त्याला माझ्या अंधारखोलीचं सगळं सामान. शिष्य दोनच उरले होते — अकोल्यात स्टुडिओ चालवणारा मी आणि त्यांची मुलगी सुनंदा. निगेटिव्ह सुनंदाच्या वारलेल्या आईची.

मी प्रयत्न केला नाही का? केला की — दोनदा. दोन्ही वेळा मळकट, करडी प्रिंट आली. मग निगेटिव्ह स्कॅन केली आणि संगणकाच्या प्रिंटरवर छापायला इंकजेटचे कागद मागवले. एक प्लास्टिकसारखा चकाकला. दुसरा ट्यूबलाइटसारखा पांढराफटक. तिसरा मात्र — जाड, किंचित पिवळसर, मंद चमकेचा. हुबेहूब! पण फार सपाट. धुतलेला कागद वाळताना कडांना वळतो. म्हणून कडा पाइपावर वळवल्या. आणि — कसं सांगू? — मागच्या बाजूला व्हिनेगरचं बोट फिरवलं. अंधारखोलीतल्या रसायनाचा तसाच आंबट वास असतो, आणि गुरुजी प्रिंट आधी हुंगायचे.

त्यांनी हुंगली. खिडकीशी नेऊन डोळ्यांजवळ धरली.

"पाह्य सुनंदा, याले म्हणते काळा रंग! तुह्या प्रिंटमंदी तुही माय धुक्यात बसून राहिली."

सुनंदाची प्रिंट खरी होती. आठवडाभर खपली होती ती. मी तेव्हा बोलू शकलो असतो ना? जीभ अडखळली वगैरे म्हणू? छे — मला बोलायचंच नव्हतं. मला जिंकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी टेम्पो घेऊन गेलो. एनलार्जर, ट्रे, लाल दिवा, उरलेला कागद, सगळं चढवलं. सुनंदा फाटकापर्यंत आली. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

"दादा, इतका काळा कसा उतरवला? मले शिकवता का?"

"सराव कर," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. कशावर करणार होती ती सराव?