विलीकेसाची रिकामी दोरी

“तुझ्या तोंडात ‘नाही’ हा शब्द देवानं घातलाच नाही का रे?”

आवाज वासितीचा. आमच्या दोन घरांच्या मध्ये पत्र्याची एक भिंत आणि पपईचं एक झाड, एवढंच. त्यामुळे त्यांचं भांडण ऐकायला कान लावावा लागत नसे. न ऐकायचं म्हटलं तर घर सोडून जावं लागलं असतं. मी अळूचे कंद सोलत होते. हात थांबवला.

“घातलाय की,” तिचा नवरा विलीकेसा म्हणाला. “पण कधी वापरला नाही. गंजला असेल.”

“नाताळाच्या दिवशी माझ्या आईपुढे डब्यातलं मांस! डुक्कर पाळणाऱ्याच्या घरात! नाक कापलंस माझं.”

“पुढच्या नाताळला डुक्कर आपल्या चटईवर. शब्द दिला.”

“आणि कुणी मागितलं तर?”

मग तो हळूच म्हणाला, “कोण मागतंय?”

मी तिथंच ओळखलं, यातलं काही खरं नाही. आणि पुन्हा कंद सोलायला घेतले.

विलीकेसा माझा आतेभाऊ. आमच्याकडे आतेभाऊ-मामेबहिणीनं एकमेकांची टर उडवली नाही, तर लोकांना वाटतं यांचं बिनसलंय. तेव्हा मी लिहिते आहे ते माझ्या हक्कानं. यंदा ईस्टरच्या आधी तो गेला. मातीला आलेला जो तो म्हणत होता, काय देवमाणूस होता. होता हो. पण देवमाणसाच्या शेजारी राहून बघा एकदा.

अंगानं नारळाच्या झाडाएवढा, आवाज मात्र कोंबडीच्या पिल्लाचा. जमिनीत खड्डा करून, दगड तापवून जेवण भाजायचं, त्याला आम्ही लोवो म्हणतो. लोवो लावावा तर विलीकेसानंच. लग्न असो, मयत असो, खड्ड्याच्या काठावर तो उघड्या अंगानं घाम गाळत उभा असायचा. पाळायचा डुकरं. म्हणजे, पाळायचा तो, खायचे दुसरे.

कारण आमच्या कोरो बेटावर कुणी दारात येऊन, खाली बसून ‘केरेकेरे’ म्हणालं, की मागितलेली वस्तू देऊन टाकायची. नात्यातल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, आणि नात्यात बसत नाही असा माणूस मला कोरोवर अजून भेटायचाय. पण आम्ही बाकीचे जरा शहाणे. चांगली चटई माळ्यावर टाकतो, नवा कंदील पाहुण्याची चाहूल लागली की पलंगाखाली ढकलतो. दिसतच नाही ते कोण मागणार? विलीकेसाचं डुक्कर मात्र गावाला दिसायचंही आणि ऐकूही यायचं.

त्यात त्याची सासू. अलुमिता तिचं नाव. दर नाताळला शेजारच्या ओवालाउ बेटाहून बोटीनं येणार, आल्या आल्या घरातल्या मधल्या खांबाला टेकून बसणार. सासूनं जावयाशी थेट बोलायचं नाही अशी आमच्यात रीत आहे, म्हणून ती खांबाशी बोलायची. त्या पहिल्या डब्याच्या नाताळला तिनं ताटलीतलं मांस बोटानं इकडून तिकडे सरकवलं आणि म्हणाली, “खांबा, ऐकून ठेव. या घरचं डुक्कर माझ्या लेकीच्या चटईवर बसून खाल्ल्याशिवाय मी काही डोळे मिटायची नाही.”

विलीकेसा दाराजवळ, जमिनीकडे बघत म्हणाला, “खांबा, सांग त्यांना. पुढच्या वर्षी नक्की.”

खांब बिचारा काय सांगणार.

पुढच्या वर्षी बोट बिघडली आणि परगावचं गायनमंडळ आमच्याच गावात अडकलं. त्यांच्या पाद्रीबाबांनी येऊन केरेकेरे केलं. त्याच्या पुढच्या वर्षी कुणाच्या तरी मुलीचं लग्न अचानक ठरलं. का ठरलं ते विचारू नका. एकदा बोटीच्या कप्तानानंच मागितलं, तोंड वर करून! नाताळाच्या आदल्या दुपारी विलीकेसा दोरी घेऊन डुक्कर आणायला ओढ्यापलीकडे जायचा आणि परत यायचा तो तीच दोरी रिकामी, खांद्यावर टाकून. येताना माझ्या दाराशी थांबायचा.

“तिती, तुझं ओपनर दे गं.”

इतकी वर्षं त्या घरानं डबे खाल्ले, पण डबा उघडायचं ओपनर काही घेतलं नाही. वासिती म्हणायची, घेतलं तर हरल्यासारखं होईल. म्हणून माझं झिजत होतं.

आणि नाताळ उरकला, की हाच माणूस तीच दोरी घेऊन डोंगरापलीकडे निघायचा. कुणाची डुकरीण व्याली असेल त्याच्या दारात बसायचा आणि केरेकेरे करून पिल्लू घेऊन यायचा. मागायला त्याला लाज नव्हती, आणि द्यायला अक्कल नव्हती.

मध्ये एका वर्षी वासितीनं त्याला युक्ती शिकवली. “सांग सगळ्यांना, डुक्कर मेलं. मेलेलं कोण मागणार?”

त्यानं डिसेंबरच्या सुरुवातीला देवळाच्या पायरीवर जाहीर केलं, डुक्कर मेलं. आवाज मुळातच बारीक, त्यात खोटं बोलायची सवय नाही, म्हणून तो आणखी चिरकला. लोकांना वाटलं माणूस आतून तुटलाय. संध्याकाळी बघते तर काय, अख्खं गाव रांगेनं त्याच्या घराकडे निघालेलं. कुणाच्या बगलेत गुंडाळलेली चटई, कुणाच्या हातात रॉकेलचा डबा, पुढे पाण्यात कालवून प्यायच्या यांगोनाची मुळं घेतलेला म्हातारा तानिएला. मयताच्या घरी जातात ना, तसे! माझी नणंद तर डोळे पुसत होती.

मी भिंतीतूनच ओरडले, “अरे, डुक्कर आहे ते! माणूस नव्हे!”

“त्याला पोराच्या जागी होतं गं,” नणंद हुंदका देत म्हणाली.

तानिएलानं सगळ्यांना ओळीत बसवून रीतसर सांत्वनाचं भाषण केलं. विलीकेसा मान खाली घालून, आमच्याकडे मान द्यायला वाजवतात त्या ओंजळीच्या टाळ्या वाजवत राहिला. आणि भेटायला आलेल्यांना जेवल्याशिवाय पाठवायचं नाही, ही सुद्धा रीतच. एवढी माणसं, घरात चार रताळी. वासिती त्याच्याकडे बघतेय, तो वासितीकडे बघतोय. शेवटी उठला, ओढ्यापलीकडे गेला, आणि ज्याचं दुःख करायला लोक आले होते तेच भाजून त्यांना वाढलं.

तानिएला बोटं चाटत म्हणाला, “मेलेलं असूनसुद्धा चव काय आहे!”

त्या नाताळलाही मी ओपनर दिलं.

असं करता करता वासितीचे केस पिकले, माझा नवरा गेला, पपईचं झाड पडून दुसरं उगवलं. अलुमिता येतच होती. गावात चेष्टा सुरू झाली, की म्हातारीला औषध लागत नाही. जावई डुक्कर खाऊ घालत नाही म्हणून तिचं मरण अडलंय. पोरंटोरंही हसायची. मीही हसले. एक विलीकेसा हसला नाही, पण तो बावळटच म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग आला गेल्या वर्षीचा नाताळ. अलुमिता आजारी असल्याचा निरोप ओवालाउहून महिनाभर आधीच आला होता. वासिती माझ्याकडे येऊन बसली. या बाईला मी भांडताना हजार वेळा ऐकलंय, रडताना कधी नाही. त्या दिवशी रडली. “तिती, आईचा हा शेवटचा नाताळ. एकदा तरी माझ्या चटईवर तिला ते डुक्कर वाढू दे. एवढंच हवंय मला.”

मी पेटलेच. रविवारी प्रार्थना संपल्यावर दारातच उभी राहिले आणि सगळ्या गावाला ऐकवलं. “यंदा विलीकेसाकडे जो डुक्कर मागेल, त्याच्या मयताला मी गाणार नाही. बघा मग कसे जाता ते.” आमच्या देवळात गाणं मी उचलते. मी उचललं नाही तर बाकीचे कुठल्याही पट्टीत शिरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. लोक घाबरले. त्या डिसेंबरात विलीकेसाच्या दारावरून जाताना माणसं तोंड दुसरीकडे फिरवायची. डुक्कर ओरडलं तरी कुणी ऐकल्यासारखं करेना. देवळात पोरांनी गाणी म्हटली, बायकांनी कौतुकाची रीत म्हणून त्यांच्या डोक्यावर पावडर उडवली, पाद्रीबाबा ‘अन्न’ या विषयावर बोलले. तरी कुणी मागेना.

अलुमिताला बोटीतून खुर्चीत बसवून उतरवलं. इतकीशी झाली होती. वासितीनं नवी चटई काढली, कडेला लाल लोकरीची झालर लावलेली, आणि अंगणात उन्हाला टाकली. तीन-तीनदा झाडली.

आणि नाताळाच्या आदल्या दुपारी हा माझ्या दारात. खांद्यावर दोरी, दोरीच्या टोकाला डुक्कर.

“इकडे कुठे आणलंस? खड्डा तिकडे आहे,” मी म्हणाले.

“तिती, माझ्याकडे डुक्कर माग.”

“काय?”

“माग ना. कुणीच मागत नाहीये.”

“मूर्खा! मागू नये म्हणून मी घसा फोडलाय गावभर!”

“म्हणूनच तुझ्याकडे आलो. गाठ तू मारलीस, तूच सोड.”

मी पातेलं खाली ठेवलं. हातात राहिलं असतं तर त्याच्या डोक्यात गेलं असतं. “तुझी बायको सकाळपासून चटई झाडतेय. तुला दिसत नाही?”

“दिसतंय ना.” तो दोरीचे धागे सोडवत राहिला. “बोटीतून उतरताना म्हातारी तिच्या गाठोड्याला म्हणाली, ‘यंदा खाते आणि जाते.’ मी ऐकलं. वासिती चटई झाडतेय, तिला कळत नाहीये ती काय मांडतेय.”

“अरे, डुक्कर खाऊन कोण मरतं?”

“इतर कुणी मरत नसेल. पण ही बाई शब्दाची पक्की आहे, तिती. माझ्यासारखी नाही.”

मी पातेलं पुन्हा उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

“ते काही नाही,” मी म्हणाले. “वासितीला जाऊन सांग काय ते.”

“तिला काय सांगू? आई हवी का डुक्कर, असं विचारू?”

“मी नाही मागणार.”

तेव्हा हा एवढा मोठा माणूस माझ्या उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसला, ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या आणि रीतसर म्हणाला, “केरेकेरे, तितिलिया. माझ्याकडे केरेकेरे कर.”

आता सांगा, यावर काय करायचं? नाही म्हणता येत नाही. मी डोक्यावर हात मारला, त्याच्यासमोर खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा विलीकेसाकडे डुक्कर मागितलं. त्यानं दिलं. लगेच दिलं! चेहरा असा उजळला, जणू मीच त्याला काही दिलंय. डुक्कर माझ्याच दोरीनं माझ्या पपईला बांधलं, स्वतःची दोरी सोडून घेतली, खांद्यावर टाकली.

“आणि ओपनर दे गं.”

मग पत्र्यापलीकडून जे ऐकू आलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. “कुणी मागितलं? कुणी?” वासिती किंचाळली. “तितिलियानं? तितिलियानं!” झालं. ज्या बाईनं गावाला दम दिला तिनंच डुक्कर लाटलं, हे संध्याकाळपर्यंत बेटभर झालं. तानिएलानं मला वाटेत विचारलं, “तुझ्या मयताला कोण गाणार मग?” नवं वर्ष लागेपर्यंत वासिती माझ्याशी बोलली नाही. डुक्कर माझ्या नातवंडांनी खाल्लं. मला त्याचा घास उतरला नाही. म्हणजे, पहिला उतरला नाही.

पण वासितीचं ओरडणं चालू असतानाच मध्ये दुसरा एक आवाज चढला होता. म्हातारा, खरखरीत, आणि चांगला दणदणीत. काय म्हणाला ते मात्र मला कळलं नव्हतं.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विलीकेसा ओपनर परत द्यायला आला. धुऊन, पुसून, नेहमीसारखं.

“म्हातारी माझ्याशी बोलली, तिती,” तो म्हणाला. “खांबाशी नाही. माझ्याकडे बघून, माझ्याशी.”

“काय बोलली?”

“‘मेल्या’ म्हणाली.”

“बरं झालं. आणि?”

“आणि रागारागानं उठून बसली, दोन डबे खाल्ले. म्हणाली, पुढच्या वर्षी बघतेच तुला.”

त्यानं ओपनर माझ्या भिंतीच्या खिळ्याला अडकवलं, सरळ लटकतंय ना ते बघितलं, आणि दोरी खांद्यावर टाकून डोंगराच्या वाटेला लागला. पलीकडच्या गावात कुणाची तरी डुकरीण व्याली होती.