चिनी अक्षरांचं चित्र

केजमधली माझी छपाईची प्रेस बंद पडली तेव्हा ओळखीतल्या एका तरुणाने मला त्याच्या कॉम्प्युटरच्या ऑफिसात बसवून घेतलं. दिंद्रुडकडच्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यासाठी, तो वेबसाइट बनवत होता. जिनिंगमधली यंत्रं चीनची, ती सांभाळणारे कारागीरही चिनी. यंत्राच्या सूचना त्यांना त्यांच्या भाषेत दिसाव्यात, एवढंच काम. ते करत होती बसस्टँडजवळच्या फळवाल्याची मुलगी. पानं नीट दिसतात का, ते मी पाहायचो.

जिनिंगच्या जुन्या कॉम्प्युटरवर चिनी पान उघडलं की अक्षरांऐवजी रिकामे चौकोन यायचे.

"काका, तिथं चिनी फॉन्टच न्हाई. आष्टीहून आले की बसवते," म्हणत ती बहिणीच्या लग्नाला गेली. ऑफिसच्या त्या तरुण मालकाला मात्र त्याच संध्याकाळी जिनिंगवाल्यांना पान दाखवायचं होतं.

मी जन्मभर लग्नपत्रिका छापल्या. दुसऱ्याच्या मशीनवर अक्षरं फुटतात म्हटल्यावर आम्ही प्रेसवाले मजकुराचं चित्र करून पाठवतो. चित्र फुटत नाही. मी तेच केलं. आमच्या कॉम्प्युटरवर चिनी मजकूर चांगला दिसत होता, त्याचं चित्र करून पानावर त्या मजकुरावरच चिकटवलं.

"काका, तुम्ही तर लई पोचलेले निघालात," मालक म्हणाला. ते कौतुक मी ठेवून घेतलं. ती परतल्यावर तिला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, मी सांगितलं नाही.

पत्रिका एकदा छापली की बदलत नाही. यंत्राच्या सूचना बदलतात. पुढे पंख्याच्या सफाईची रीत बदलली, तेव्हा तिने तिन्ही भाषांतला मजकूर बदलला. इंग्रजी बदललं, मराठी बदललं, चिनी पानावर मात्र वर माझं चित्र तसंच राहिलं; चिनी वाचता येत नसल्याने ऑफिसात ते कुणाला कळलं नाही. कारागिरांनी जुन्या रीतीने सफाई केली, पंखा अडकला आणि ऐन हंगामात जिनिंग थांबली. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या.

"चिनी तू बदललंच नाहीस," मालक तिला सगळ्यांसमोर म्हणाला.

"बदललंय, साहेब." तिने पानावर माउस ओढला. एकही अक्षर निवडलं जाईना. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. "काका, हे चित्र हाय. तुमी लावलं का?"

मी चष्मा पुसत म्हणालो, "न्हाई बाई. मला चिनीतलं काय कळतंय?"

सगळे हसले. ती हसली नाही. त्याच आठवड्यात तिला काढलं. तेव्हापासून ती घरीच आहे.

तिचे वडील अजून गाड्यावर असतात. मी पेरू घेतले की वर एक जास्तीचा टाकतात. "लेकीला तुमी सांभाळून घेतलं, भाऊ," म्हणतात.

काल पेरू घेताना मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तराजू खाली ठेवला नाही.

"हे मला कशाला सांगता? मालकाला सांगा. लेक कुठं बी काम मागायला गेली की ते लोक त्यालाच फोन लावतात."

वरचा पेरू पडला नाही. पिशवी तशीच हातात घेऊन मी ऑफिसचा जिना चढलो.

"या काका, चहा सांगू?" मालक म्हणाला.

"आधी त्या चित्राचं ऐक," मी म्हणालो.