मले जोड पायजे

वरूडच्या कुस्त्यांच्या दंगलीत तो पहिलवान मले एकदाच दिसला. नाव मी विचारलं नाही. इंजेक्शन घेऊन कुस्त्या जिंकला म्हणून त्याच्यावर बंदी आली होती. ती पुरी भोगून तो अकोल्याहून आला होता.

आमच्याकडे ज्याले जोड पायजे, तो पहिलवान हात वर करून मैदानाभोवती फिरतो. ज्याले लढायचं, तो येऊन त्याच्या हातावर हात मारतो. हा फिरत राहिला, पण कोणी उठेना. पोट्टे हसले, "सुई आणली का रे, पयलवान?" त्यानं ना मान खाली घातली, ना हात.

तो जवळ आल्यावर मी म्हटलं, "माफी माग ना लेका, मंग लढतील."

"मागून झाली, बाबाजी. आता मले जोड पायजे."

मले ते पटलं. भोगून आलेल्याले खेळू द्यायचंच नसन, तर बंदी मुदतीची कावून घालता? जन्माची घाला. मी धोतर खोचून उतरलो आन त्याच्या हातावर हात मारला. सारं मैदान खदखदलं. तवा एका जवान पहिलवानाले लाज वाटली. "बाबाजी, तुमी बसा. मी लढतो."

अकोल्याचा पहिलवान हरला. पोट्टे ओरडले, "पाय कावून सोडला रे, पयलवान?" कोण्याही पहिलवानाले ओरडतात, तसंच.