दाबल्यावरचं व्होल्टेज

सगळा बाजार त्यांना वाइंडिंगवाल्या वहिनी म्हणायचा. लग्न होऊन आल्या तेव्हा मोटर आतून कशी दिसते हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. नवऱ्याचं वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देण्याचं दुकान होतं, पण नवरा पडला बोलका. तांब्याच्या तारेचे वेढे मोजता मोजता गिऱ्हाइकाशी गप्पा ठोकायचा आणि आकडा विसरायचा. एकदा पाण्याच्या पंपाची एकच मोटर त्याने तीनदा भरली आणि तिन्ही वेळा ती जळाली. चौथ्या वेळी वहिनींनी बाह्या सरसावल्या.

"तुम्ही काउंटरवर बसा आणि पोटभर बोला. मोजायचं मी बघते."

ती मोटर टिकली, आणि पुढची पंचवीस वर्षं दुकानात हीच वाटणी चालली. तार दोन बोटांतून सरकवून वहिनी तिची जाडी सांगत, आणि त्यांनी सांगितलेली जाडी सहसा चुकत नसे. हे सगळ्यांना मान्य होतं. एकट्या थोरल्या नणंदेला, म्हणजे ताईंना, त्यात काही विशेष वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी भावजय 'तारा गुंडाळते', एवढंच.

ताईंची दोन गल्ल्या सोडून लॉन्ड्री होती. कपडे वाळेपर्यंत लोकांनी थांबायचं कुठे, म्हणून पुढच्या खोलीत एक बाक होता आणि बाकासमोर ताईंच्या सासऱ्यांनी घेतलेलं जुनं पिनबॉल मशीन. काचेखाली उतरता फळा, त्यावर घरंगळणारी पोलादी गोळी आणि खाली दोन पाती. कडेचं बटण दाबलं की आतली कॉईल, म्हणजे तारेचं वेटोळं, दांडा खेचते, पातं फटकन उडतं आणि गोळी वर जाते. महिनाभर मात्र ती पाती मरगळली होती. गोळी अर्ध्या वाटेवरून परत यायची. एक मेकॅनिक येऊन गेला. तारांवर व्होल्टेज पूर्ण येतंय म्हणून त्याने दोन्ही कॉईली बदलल्या, फ्यूज दोनचारदा काढून घातला, आणि काहीच फरक पडेना तेव्हा म्हणाला, "ट्रान्सफॉर्मर बसलाय. भंगारात घाला."

मग ताईंनी भावजयीला फोन केला. "अगं, तू गुंडाळतेस तसल्याच तारा यात पण आहेत. बघतेस का येऊन?"

लॉन्ड्रीच्या सुट्टीच्या दिवशी वहिनी गेल्या. फळा उचलून आत डोकावल्या आणि दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळ्या झाल्या. "नव्या कॉईलींचे वेढे चुकलेत. मी भरून आणते." मेकॅनिकने काढून ठेवलेली जुनी कॉईल उलगडून त्यांनी एकेक वेढा मोजला, तेवढेच नवीन घातले, आणि पुढच्या सुट्टीला दोन्ही कॉईली बसवून झोकात बटण दाबलं.

झोपेत माशी वारावी तसं पातं जेमतेम हललं.

ताईंनी कोपऱ्यातला केर काढायला घेतला. टोमण्यापेक्षा ते वहिनींना जास्त झोंबलं. पण त्या उठल्या नाहीत. बाकावर बसून मशीनकडे बघत राहिल्या, आणि थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "कॉईल मी भरली आहे. तिच्यात खोट नाही. म्हणजे खोट कॉईलच्या अलीकडे आहे."

त्यांनी मीटर काढला आणि कॉईलकडे येणाऱ्या तारांना त्याचे चिमटे लावले. पंचवीस व्होल्ट. अगदी हवे तेवढे.

"ताई, जरा बटण दाबून धरा."

ताईंनी दाबलं. काटा अकरावर येऊन पडला.

"सोडा." पंचवीस. "दाबा." परत अकरा.

"हात्तिच्या!" वहिनी म्हणाल्या. "तो मेकॅनिक आणि मी, दोघंही येडे. त्याने न दाबताच मोजलं, मी तर मोजलंच नाही."

ताई बटणावरचा हात न काढता म्हणाल्या, "म्हणजे आमच्या धुण्याच्या मशीनचा पाईप मुडपतो तसंच का गं? बंद असताना काही कळत नाही. पाणी ओढायला लागलं की धार बारीक."

वहिनींनी मान वर करून नणंदेकडे पाहिलं. "अगदी तस्संच. आता पाईप कुठे मुडपलाय तेवढं शोधायचं."

त्या ट्रान्सफॉर्मरपाशी गेल्या. बटण दाबलेलं असतानाही तिथे चोवीस. म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठणठणीत होता, उगाच बदनाम झाला होता. तिथून तार फ्यूजकडे जात होती. फ्यूजच्या अलीकडे चोवीस आणि पलीकडे अकरा. वहिनींनी वीज बंद केली, प्लग उपटला आणि फ्यूजला बोट लावलं. चटका बसला. फ्यूज धरणाऱ्या दोन्ही पितळी पट्ट्या काळवंडल्या होत्या, आणि इतक्या सैल की फ्यूज त्यांच्यात खुळखुळत होता. कॉईलने जोर मागितला की विजेचा जोर तिथेच उष्णता होऊन वाया जात होता.

वहिनी दुकानातून नवा फ्यूज होल्डर घेऊन आल्या, कथलाचा डाग देऊन बसवला, त्यात मशीनवर लिहिलेल्या मापाचा फ्यूज घातला, प्लग लावला आणि बटण दाबलं.

थाड्! काच हादरली. ताई दचकून बाकावर आदळल्या आणि हसत सुटल्या.

"एक सांगू का?" वहिनी हत्यारं पुसत म्हणाल्या. "त्या मेकॅनिकच्या कॉईली चांगल्याच होत्या. मी उगाच भरल्या."

"मग काढतेस तुझ्या?"

"छे! चांगल्या बसल्यात. राहू देत."

"राहू देत," ताई म्हणाल्या. "कोणी विचारलं तर सांगता येईल, आमच्या भावजयीच्या हातच्या आहेत."

मग दोघी खेळायला उभ्या राहिल्या. ताईंची गोळी वरच्या घंट्या वाजवत कितीतरी वेळ खाली येईना. वहिनींची पहिली गोळी दोन पात्यांच्या मधून सरळ खाली गेली, दुसरी तशीच गेली, तिसरीसुद्धा.

"अगं, दोन्ही बटणं एकदम नाही दाबायची," असं म्हणत ताई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि भावजयीच्या बोटांवर आपली बोटं ठेवून शिकवायला लागल्या.